मिरच्यांखालचा मासा

संग्रहालयातल्या विदोसावाबाईंचं पत्र येऊन दोन वर्षं झाली होती. शेजारच्या आवारात सापडलेली रोमन भिंत झिवानच्या बागेखाली पुढे गेलेली दिसते आहे, तर बागेत एक खड्डा खणू द्याल का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. झिवान निवृत्त ग्रंथपाल. त्यानं उत्तराचे चार मसुदे केले नि चारही फाडले. एकात आगाऊपणा वाटला, दुसऱ्यात लाचारी. शिवाय त्या बागेतल्या लाल ढोबळ मिरच्या म्हणजे बायकोचा, कोसाराचा, जीव की प्राण. "ती माणसं एकदा आत शिरली की आपण बाहेर," ती म्हणे.

यंदा सप्टेंबरात नातू झाला. मुलगा जन्मला की आलुबुखाऱ्याच्या दारूचं पिंप पुरायचं आणि त्याच्या लग्नात उकरायचं, ही त्यांच्या मित्रोव्हित्सा गावातली रीत. झिवान वाफ्यांशेजारी खणू लागला. कमरेइतक्या खोलीवर फावडं खणकन वाजलं. त्यानं हातानं माती सारली, पाणी ओतलं. जुन्या फरशीवर रंगीत खडे जडवून केलेला एक मासा दिसू लागला.

कोसारा धावत आली. "कुणी बघितलं?"

"कुणी नाही."

"मग ठेव पिंप त्याच्यावरच आणि लोट माती. सगळी गल्ली हेच करते."

"भारानं फुटेल गं तो."

"सोळाशे वर्षं नाही फुटला, तो आता फुटतोय! बाग गेली तर हिवाळ्यासाठी मिरच्यांऐवजी काय तुझी पुस्तकं भाजून बरण्यांत भरू, म्हाताऱ्या?"

तिच्यापुढे झिवान कधी अडून बसला नव्हता. आज तो खड्ड्यातच बसला. "मी नाही ठेवणार," तो हळूच म्हणाला. "पिंप काढतील तेव्हा मी नसेन. पण फुटका मासा असेल, आणि तो मी फोडलेला असेल."

कोसारा काठावर उकिडवी बसून बघत राहिली. "शेपटीपाशी बघ. खडे संपले म्हणून विटेचा तुकडा चिकटवलाय. अगदी तू न्हाणीघरात केलंस तसंच." ती हसली. "म्हणजे कुणाचं तरी राहतं घर होतं हे."

"हो."

"लिही बाईंना. पण मिरच्या तोडून होईपर्यंत यायचं नाही म्हणावं. आणि वाफे होते तसे करून द्यायचे."

पिंप अक्रोडाखाली पुरलं गेलं. रात्रीच्या जेवणाआधी झिवाननं एका बैठकीत लिहून टाकलं: 'उशिराबद्दल क्षमा करा. फरशी आहे. पंधरा ऑक्टोबरनंतर या. वाफे पूर्ववत करून द्यावेत, ही पत्नीची अट आहे.'

कोसारानं वाचून 'अट' या शब्दाखाली रेघ ओढली. सकाळी त्यानं पाकीट टपालपेटीत टाकलं.