मागून पडणारी झांज

नूर महंमदचा बँड तांबटांच्या सोनगीर गावी पोहोचला तेव्हा नवरा-नवरी जेवायला बसली होती. धुळ्यात बैलगाडीच मिळाली नव्हती. वैशाखात गाड्या सगळ्या लग्नांत गुंतलेल्या. माणसं ढोल डोक्यावर घेऊन भर उन्हात चालत आली होती. पंगतीतून कुणीतरी म्हणालं, "वरातमांगून घोडं उनं," आणि अख्खी पंगत हसली.

मुलीचा बाप रुपचंद हसला नाही.

"नूरभाई, बठ्ठा गावनी तुनी वाट देखी. शेवट तांबटसनी थाळ्या बडायात, तवय नवरदेव मांडवमा उना." मग त्यानं विचारलं, "तुना कादर कोठे शे? मोठी पोरना लगीनले तो आदल्या दिवशीच ईसन बठ्ठं देखी गयथा."

नूर महंमद क्लॅरिनेटवरची धूळ पुसू लागला.

"जेवीसन जा," रुपचंद म्हणाला. लाल कोट घातलेले ते वाजंत्री खाली मान घालून पंगतीला बसले. न वाजवता जेवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

नूर महंमदची क्लॅरिनेट ऐकायला लोक दुसऱ्याच्या लग्नात घुसत. कादरची झांज मात्र कायम जरा मागून पडायची. उस्तादानं डोळे वटारले की कादर ओशाळून हसायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा मागेच पडायचा. पण होळीलाच गाडीवाले बांधून ठेवणं, मुहूर्त भटजींनाच विचारून घेणं, कुठल्या गावाच्या नदीत गाडी रुतते ते आधी पाहून येणं, हे सगळं तोच करायचा. नूर महंमदच्या लेखी ही हमालीची कामं. कलेशी त्यांचा काय संबंध?

गेल्या दिवाळीत त्यानं कादरच्या हातातून झांज काढून घेतली. "सामान तू देख. झांज चोपडेवाला बजाएगा." कादरनं कोट काढला, नीट घडी घालून पेटीवर ठेवला आणि तो कापसाच्या जिनात सरकी काढायच्या कामाला लागला.

चोपड्याचा झांजवाला तालाचा पक्का निघाला. पण एकाच मुहूर्ताच्या दोन सुपाऱ्या घेतल्या गेल्या, एका गावी ढोल पोहोचला तर माणसं नाही पोहोचली. लोक दुसऱ्या बँडकडे वळू लागले. सोनगीरनंतर तर बाजारात तोंड दाखवायची सोय उरली नाही.

सोनगीरहून परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी नूर महंमद जिनावर गेला. कादर बाहेर आला, भुवयांवर कापूस बसलेला.

"वापस आ जा, कादर. तेरे बिना बँड नहीं चलता."

हे वाक्य त्यानं दहा वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं. कादरचा चेहरा उजळला.

"आऊंगा, उस्ताद. झांज मैंच बजाऊंगा ना?"

नूर महंमदच्या कानात ती मागून पडणारी झांज वाजली. तो श्वासभर थांबला. मग घाईनं म्हणाला, "हां, हां, तूच बजा."

आयुष्यभर ताल चुकलेल्या माणसानं हा उशीर मात्र बरोबर ओळखला.

"रहने दो, उस्ताद," कादर हळूच म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच नूर महंमदला सोसेना. "अगले लगन को चिंधा गाडीवाले को आजच बोल दो. उसके बैल अच्छे हैं."

तो आत गेला आणि कापसाच्या धुरळ्यात दिसेनासा झाला. नूर महंमद फाटकापाशी उभा राहिला. चिंधा गाडीवाला कुठे राहतो हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ते विचारायला परत हाक मारण्याचं धाडस त्याला झालं नाही.