आईच्या खोलीतली ऊब

इमारतींच्या उष्णतेचा हिशेब करणं हे तिचं काम. घर कॉम्प्युटरवर जसंच्या तसं उभं करायचं, त्यात ऊन-वारा सोडायचा आणि कुठली खोली किती तापेल, किती गारठेल ते आधीच सांगायचं. माहेरी नवीन हीटर बसवायचं ठरलं, तेव्हा दादाने साहजिकच तिला गळ घातली.

"आईची खोली सोड," तो म्हणाला. "ती गेल्यापासून कुलूपच आहे. रिकाम्या खोलीला कशाला ऊब?"

तिने तरीही प्रत्येक खोलीत तापमापक ठेवला. बाकीच्या खोल्या हिशेबाशी जुळल्या, आईची तेवढी जुळेना. दुपार कलली की ती हिशेबापेक्षा गरम व्हायची. तिने खिडकीतलं ऊन तपासलं, शेजारची भिंत तपासली, तापमापक बदलून पाहिला. शेवटी वैतागून तिने कॉम्प्युटरवरच्या त्या खोलीत एक माणूस बसवला. हिशेबाची आणि तापमापकाची, दोन्ही रेघा एकमेकींवर चपखल बसल्या.

"बाबा, दुपारी तुम्ही आईच्या खोलीत बसता का?"

"छे गं. दाराला हात लावायचाही धीर होत नाही."

मग तिने श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र आत ठेवलं. खोलीत माणूस असला की त्याचा आकडा चढतो. खोली तापली, आकडा जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतःच आत जाऊन पलंगाच्या कडेला बसली. काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. फक्त डाव्या बाजूला, कोणी खेटून बसावं तशी ऊब. नंतर नोंदी पाहिल्या. उष्णता दोघींची, श्वास एकीचा.

दादाला ती एवढंच म्हणाली, "त्या खोलीतही हीटर लाव." बाबांना मात्र तिने सगळं सांगितलं. त्यांनी किल्ली मागितली.

तो सगळा हिवाळा बाबा रोज दुपारी तिथे बसले. एकटेच बोलायचे, मध्येच हसायचे. वहिनी चहा दाराशी ठेवून परत फिरायची. इकडे ती आपल्या घरून नोंदी पाहत राहिली: दोघांची ऊब, एकाचा श्वास.

थंडी ओसरत आली आणि एका दुपारी रेघ खाली उतरली. एकाच माणसाची ऊब. यंत्रच बिघडलं असेल, असं तिने स्वतःला बजावलं आणि कोणाला काही कळवलं नाही.

संध्याकाळी बाबांचाच फोन आला.

"आज खोली गार वाटतेय गं."

"खिडकी नीट लावलीय ना, बाबा?"

"लावलीय," ते म्हणाले.

फोन त्यांनी ठेवला नाही, आणि तिनेही नाही.