कन्येच्या हातातला विस्तव

धाकटीने कुंचला इतक्या जोरात डब्यात बुचकळला की शेंदरी शिंतोडे परांचीच्या फळीवर उडाले.

"विस्तव राहणार," खाली न बघताच ती म्हणाली.

ज्योतिषी मान वर करून उभा होता. नव्या कार्यालयाच्या भिंतीवर त्याला बारा राशी रंगवून हव्या होत्या. पाच झाल्या होत्या. सहावी कन्या: होडीत बसलेली मुलगी, एका हातात कणीस, दुसऱ्यात विस्तव.

"अहो बाई, शास्त्राला धरूनच काढलंय तुम्ही, मी कुठे नाही म्हणतो? पण कन्या म्हटलं की लोकांना शांत, सोशिक मुलगी हवी असते. विस्तव काढून टाका. आणि नजर जरा खाली असू दे."

"मग शास्त्रात विस्तव दिलाय तो काय चूल पेटवायला?"

ज्योतिषी हसला. माणूस चिडतही नाही, याने तिचं डोकं आणखीच तापलं.

खाली थोरली बहीण रंग घोटत होती. नवऱ्याचं घर सोडून आल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षं, ती धाकटीच्या हाताखालीच काम करायची. तिची रास कन्या. नवऱ्याने पहिल्यांदा हात उचलला तेव्हा ती माहेरी आली होती आणि आईने तिला याच माणसापुढे नेऊन बसवलं होतं. कन्येची बाई सोसते आणि शेवटी घर सावरते, असं याने सांगितलं. आठवड्याने थोरली परत गेली. पुढच्या अठरा वर्षांत तिचं मनगट दोनदा मोडलं. धाकटीने हे काम घेतलं होतं ते भिंतीसाठी नव्हे, याला एकदा तोंडावर विचारायला.

ती तरातरा खाली उतरली.

"हिला ओळखलंत?"

ज्योतिष्याने थोरलीकडे निरखून पाहिलं. "नाही हो. कोण या?"

"तुम्ही परत पाठवलेली कन्या. बावीस वर्षं झाली."

"मी कुणाला पाठवत नाही, बाई. मी फक्त राशीचा स्वभाव सांगतो."

"स्वभाव! बाईच्या कमरेत लाथ बसते ना, तेव्हा तुमचे ग्रह कुठे तोंड लपवून बसतात हो?"

त्याचं हसू मावळलं. त्याने आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

धाकटीने शेंदरी हात फडक्याला पुसले. इतक्या वर्षांचं बोलून झालं होतं, तरी छाती हलकी वाटत नव्हती.

"उगाच त्याच्यावर खापर फोडलंस," थोरली म्हणाली.

"उगाच? ताई, त्याच्यामुळे तू परत गेलीस!"

"छे गं. त्याच्या पायऱ्या उतरतानाच मी आईला म्हटलं होतं, या बाबाला काय कळतंय म्हणून."

"मग का गेलीस?"

थोरलीने डब्याच्या काठाला लागलेला रंग काडीने आत लोटला. एकदा, दोनदा.

"तू म्हणालीस म्हणून. 'माझं लग्न ठरेपर्यंत कळ काढ ना, ताई. तू घरी बसलेली दिसलीस तर मला कोण विचारेल?' आरशासमोर केस विंचरत होतीस."

"मी?"

थोरलीने मान डोलावली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच ऐकवत नव्हतं. धाकटीचं ते लग्न ठरलंच नाही. पुढेही कुठलंच ठरलं नाही.

धाकटीने आठवून पाहिलं. तो आरसा आठवला, त्याचा उडालेला पाराही आठवला. ताईच्या गालावरचा वळ आठवला. ते वाक्य मात्र काही केल्या आठवेना.

"चल, ऊन आहे तोवर उरकू," थोरली उठत म्हणाली. "पुढची कोणती, तूळ ना?"

धाकटी परांचीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून तशीच उभी राहिली.