न मेलेल्या पेशी

दादाचं औषध कुचकामी आहे, हे भर बैठकीत सांगितलं ते त्याच्याच सख्ख्या धाकट्या बहिणीने. दोघं एकाच प्रयोगशाळेत. औषध त्याने शोधलेलं, तपासायचं काम तिच्याकडे. प्रत्येक पेशीत स्वतःला संपवायची सोय असते. कर्करोगाच्या पेशीत ती झोपी गेलेली असते, औषधाने ती जागी व्हायला हवी होती. पण प्रयोगाच्या काचेच्या बशांतल्या पेशी आपल्या मजेत.

"एकदा परत बघ ना," तो म्हणाला.

"किती वेळा बघू? हट्ट सोड आता, दादा."

काम बंद पडलं. वर्ष सरायच्या आत दादा शाळेत शिकवायला लागला. दोघांचं बोलणं आईच्या तब्येतीपुरतं उरलं.

पुढे एकदा सीरमच्या बाटल्यांना बुरशी लागली. सीरम म्हणजे पेशींचं खाणं. नवं येईपर्यंत तिने पेशी साध्या द्रावणावर ठेवल्या, आणि नाहीतरी वाया जाणार म्हणून काही बशांत दादाचं उरलेलं औषध घातलं. सकाळी तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. नुसत्या द्रावणातल्या पेशी कशाबशा तग धरून होत्या. औषधाच्या बशांत मात्र पेशी आकसून त्यांचे तुकडे तुकडे झाले होते. नव्या बशांत तिने औषधासोबत सीरममधला एकच वाढीचा घटक घातला. पेशी वाचल्या! तो घटक पेशीला नुसतं 'वाढ' म्हणत नव्हता, 'मरू नकोस' असंही सांगत होता. आणि औषध तपासताना तो तिनेच त्यांना सीरममधून रोज पोटभर चारला होता.

ती तडक शाळेत गेली. दादा शिक्षकांच्या खोलीत पेपर तपासत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे त्या घटकाचा निरोप अडवणारं दुसरं औषध जोडीला दिलं, तर..." त्याचे डोळे लकाकले. तेवढ्यात घंटा झाली.

"परत ये ना, दादा."

"आता हात बसायचा नाही गं. आणि इथे रमलोय मी, खरंच."

"मी तेव्हा तुझं ऐकायला हवं होतं."

"हो, हवं होतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच तिला जास्त लागलं. खडू घेऊन तो वर्गाकडे निघून गेला.

जोडीच्या औषधाचे प्रयोग तिने एकटीनेच सुरू केले. पेशी मरू लागल्या. "दादा, हे बघ," म्हणायला मान आपसूक शेजारी वळायची. त्याच्या टेबलावर आता कुणीतरी रिकामी खोकी रचून ठेवली होती.