दुसरा डबा

उद्या माझी लेक अक्षरा पहिल्यांदा एकटी नर्सरीच्या बसने जाणार, म्हणून मी तिचं दप्तर पुन्हा पुन्हा उपसून भरत होते. समोरच्या फ्लॅटमधल्या मार्लिनने मला ओढतच तिच्याकडे नेलं. ती फिलिपिनो नर्स, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची. तिचा एकोणीस वर्षांचा लेक दोन वर्षांसाठी मंगोलियात धर्मसेवेला गेलाय. सोमवारी त्याला मोकळीक असते. कपडे धुतो, आईला फोन करतो.

खिडकीबाहेर कुवेत धुळीत विरघळलं होतं. फोनमध्ये मात्र त्याच्या पाठीमागे बर्फ पडत होता, अजिबात आवाज न करता.

"एवढंसं पोर, आणि बिल्ल्यावर 'एल्डर', म्हणजे वडीलधारा!" मी हसले.

"थांब गं. जोडीदाराला बोलाव रे आधी," मार्लिन लेकाला म्हणाली.

या मुलांनी एकट्याने कुठेच जायचं नसतं, सतत दोघं. एक सोनेरी केसांचा मुलगा पुढे आला.

"कान लाल झालेत तुझे. टोपी घाल!" मार्लिन त्याला रागावली.

"आणि तुझ्या मुलाचे कान?" मी विचारलं.

"ते याची आई बघते. तिच्या फोनवरून."

बर्फ पडतच राहिला. घरी येऊन मी अक्षराच्या दप्तरात दोन डबे ठेवले. दुसरा, बसमध्ये तिच्या शेजारी जे कोण बसेल त्याच्यासाठी.