कुलपात कोंडलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही.

पुण्याच्या एका कारागिराने मला सागवानातून घडवलं. लोणावळ्यातल्या एका लहानशा चर्चने मला आणलं. मला वाजवायचा शांतवन. तो रेल्वेत रूळ बदलणारा सांधेवाला होता. रविवारची उपासना संपली की मला खांद्यावर घेऊन तो वलवण गावाच्या वर डोंगरात, ठाकर आदिवासींच्या वाडीत जाई. झाडाखाली बसून भजनं म्हणे, येशूच्या गोष्टी सांगे. वाडीतला म्हातारा बुधा म्हणायचा, गाणं ग्वाड हाय, पर आमचा वाघोबा आमाला पुरतो. शांतवन हसायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा जायचा. ते माझे सुखाचे दिवस.

वाडीतली गंगी मात्र जीव लावून ऐकायची. एका रविवारी ती आपण होऊन खाली उतरली आणि चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली. तिला बाप्तिस्मा घ्यायचा होता.

मंडळीचे मुख्य पंच याकोबराव तिच्याजवळ गेले आणि तिला बाकावरून उठवून बाहेर थांबायला सांगितलं. मग ते सगळ्यांना म्हणाले, की जे लोक वाघाला नवस बोलतात, त्यांच्या तोंडी प्रभूचं नाव देणं म्हणजे प्रभूचा अपमान. ज्यांच्या आजोबांना एके काळी गावाच्या विहिरीवर कुणी चढू देत नव्हतं, ते याकोबराव हे बोलत होते! आणि बाकांवरची सगळी मंडळी माना डोलावत होती.

शांतवन उभा राहिला. "ती दारात उभी आहे," तो म्हणाला. "तुम्ही तिला नाही, ज्या प्रभूने तिला बोलावलं त्याला बाहेर ठेवताय."

गंगीने पायरीवरून सगळं ऐकलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "देव समद्यांचा म्हनता. मंग दार येकट्या तुमचं कसं?"

याकोबरावांनी शांतवनचं नाव मंडळीतून काढलं. मी वाडीत जाऊ नये म्हणून मला कपाटात घालून कुलूप लावलं. शांतवन हात हलवत वर जात राहिला, नुसत्या गळ्याने गात राहिला. माझा भाता उंदरांनी कुरतडला, सूर गंजले. कपाटाबाहेर प्रेमावर प्रवचनं चालत, ती मी दात ओठ खात ऐकली.

वर्षं गेली. तरुण मंडळी पिंपरीच्या कारखान्यांत गेली, बाक रिकामे पडले. तेव्हा याकोबरावांना वाडी आठवली. मला एका हमालाच्या डोक्यावर देऊन ते काठी टेकत वर चढले. शांतवन तापाने जाऊन दोन पावसाळे झाले होते. गंगीच्या झोपडीपुढे पाचसहा घरं प्रार्थनेला जमली होती.

याकोबरावांनी सगळ्यांना चर्चमध्ये यायचं आमंत्रण दिलं. गंगीने माझ्या पट्ट्यांवर बोटं ठेवली. आवाज आला नाही. तिचे डोळे भरले. मग तिने घोंगडी अंथरली.

"बसा, आबा. हितं आमी कुनाला उठवत न्हाई."

याकोबराव खाली मान घालून बसले. गंगीने त्यांना माफ केलं असेल. मी केलेलं नाही.

मित्रांनो, मला पुसून, तेल लावून काचेमागे ठेवू नका. नवा भाता बसवा आणि कुणाच्याही अंगणात घेऊन जा. नाहीतर सरळ चुलीत घाला. पण कुलपात ठेवू नका.