बाकीचे येतायत

खुर्च्या एकात एक घालून तिने भिंतीशी लावल्या, पंखा बंद केला आणि वाचनालयाच्या शिपायाच्या हातात किल्ली ठेवली.

"लवकर आटपली सभा," तो म्हणाला.

"हो ना," असं पुटपुटून ती पायऱ्या उतरली. आटपायला सुरू व्हावी लागते, हे त्याला कशाला सांगा? सभेला चिटपाखरूही फिरकलं नव्हतं.

रस्ता सुधार समिती म्हणजे खरं तर तिचा दादा. त्याने आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, निम्म्या वस्तीला क्लच सोडायला शिकवलं. लहानथोर त्याला मास्तर म्हणत. काम थांबवल्यावर तो उखडलेल्या फुटपाथच्या, बंद पडलेल्या दिव्यांच्या आणि कोपऱ्यावरच्या राडारोड्याच्या मागे हात धुऊन लागला. सुरुवातीला लोक जमले, तावातावाने बोलले, फोटो काढून घेतले. मग एकेक जण गळाला. आणि गेल्या हिवाळ्यात केमिस्टच्या दुकानासमोरच्या हलत्या फरशीवरून मास्तर स्वतःच आपटला. खुबा मोडला. लोक हळहळले, पाठ वळल्यावर काही जण हसलेही.

तेव्हापासून तो पहिल्या मजल्यावरच्या खोलीत पडून होता. नवरा गेल्यावर ती दादाकडेच राहायला आली होती. दिवसभर लाँड्रीत लोकांच्या कपड्यांची उसवण शिवायची आणि घरी आल्यावर त्याचं सगळं करायचं. ही सभा त्याच्या वतीने तिनेच बोलावली होती.

घरी येताना तिने मनाशी ठरवलं होतं, सरळ सांगून टाकायचं. पण दार उघडलं आणि पाहते तो दादा उशीला टेकून बसलेला. दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट. सभेला जाता येणार नाही म्हणून निदान कपडे तरी.

"किती आले गं, चिमे?" तिची पन्नाशी उलटली तरी तो तिला चिमेच म्हणायचा.

"बरेच आले," ती म्हणाली. शब्द तोंडातून निसटलाच.

"केमिस्ट?"

"तोच तर सगळ्यात जास्त बोलला." तिने खांदे वर केले, मान वाकडी केली. "काय आहे ना ताई, रस्ता म्हणजे काय आहे ना, शेवटी काय आहे ना, रस्ताच आहे ना!"

दादा हसला. हसता हसता ठसका लागला, तेव्हा तिने त्याला पाणी दिलं. ऑपरेशननंतर तो असा हसलाच नव्हता. मग तिला राहवेना. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई बोलल्या, बेकरीवाला टेबलावर मूठ आपटून बोलला. ज्यांनी दारातूनच वाटेला लावलं होतं, त्यांच्या तोंडी तिने चांगली चांगली वाक्यं घातली.

ऐकून घेतल्यावर दादा म्हणाला, "मग आता बसायचं कशाला? सोमवारी सगळे मिळून पालिकेत जाऊ. मीही येतो."

ती चटकन म्हणाली, "तुला जिना उतरायची मनाई आहे."

"बसून उतरेन."

दुसऱ्या दिवसापासून खोलीत वॉकरची ठकठक सुरू झाली. पलंगापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून मोरीपर्यंत. डॉक्टरांनी इतकी डोकेफोड करूनही जो माणूस हलला नव्हता, तो आपणहून घाम गाळत होता. आता खरं सांगायचं तरी कसं?

तिने पुन्हा दारं ठोठावली. भाषण नको, घोषणा नको, नुसतं एक तासभर येऊन उभे राहा.

"काय आहे ना, फुटपाथ झाला तर माझा टेम्पो लागणार कुठे?" केमिस्ट म्हणाला.

बेकरीवाल्याने भट्टीकडे बोट दाखवलं.

"मी मनाने तुमच्याबरोबरच आहे हो," शिक्षिकाबाई म्हणाल्या.

मनाने बरोबर असलेल्यांनी तर अख्खी वस्ती भरली होती.

"माझ्यासाठी नको, त्याच्यासाठी या," ती म्हणाली. बाईंनी तिचा हात हातात घेतला, थोपटला आणि सोडून दिला.

सोमवारी दादा जिना बसून उतरला. प्रत्येक पायरीला ओठ दाबायचा, पण हूं की चूं केलं नाही. खाली टॅक्सी उभी होती. बाकी कोणी नव्हतं. सवयीप्रमाणे त्याने रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे नजर टाकली.

"सगळे परस्पर तिकडेच येणार आहेत," ती घाईने म्हणाली.

"बरं," तो म्हणाला.

पालिकेच्या लांबलचक व्हरांड्यात एकच बाक होतं. ती दोघं त्यावर टेकली. बऱ्याच वेळाने कारकून बाहेर आला.

"साहेब दौऱ्यावर आहेत. आणि तुमचा रस्ता यंदाच्या कामांत धरलेलाच नाही, हे मागेही सांगितलं होतं." मग त्याने दोघांकडे नीट पाहिलं. "शिष्टमंडळ येणार म्हणाला होतात ना फोनवर? तुम्ही दोघंच?"



"छे हो," दादा म्हणाला. "बाकीचे येतायत. केमिस्टला जरा उशीर होईल, त्याच्या मालाचा टेम्पो यायचाय. मागच्या आठवड्यात गोळ्या मागवायला फोन केला, तेव्हाच बोललो मी त्याच्याशी. सभेचं सगळं कळलं."

तिने मान खाली घातली. मागच्या आठवड्यात. म्हणजे वॉकरची ठकठक सुरू होती तेव्हा, तो जिन्यावरून ओठ दाबून उतरला त्याच्याही आधी.

"सगळे आले की हाक मारा," कारकून म्हणाला आणि आत गेला.

दादाने वॉकर बाजूला घेतला, पायाला हाताने धरून सरळ केलं आणि बाकाच्या टोकाला सरकला.

"चिमे," तो म्हणाला, "इकडे सरक. लोकांना बसायला जागा नको?"

ती सरकली.